पोट भरणे आणि पोसले जाणे

शिधावाटपातील धान्य वाढवून मिळावे, या मागणीसाठी मुंबईतल्या आमच्या घोडपदेवात मध्यंतरी जी सभा भरली होती, तिच्यात धान्याबरोबर डाळ, तेल आणि पालेभाजी यांचीही काही तजवीज सरकारने करावी, अशी सूचना एका तरुण मुलीने मांडली. आणि ज्यांच्याविषयी माझ्या मनात लहानपणापासून आदर आहे अशा एका वयोवृद्ध गृहस्थांनी ती ज्या शब्दांत मोडीत काढली, ते शब्द मला त्या दिवसापासून स्वस्थ बसू देत नाहीत. सारी वस्ती त्यांना आप्पा म्हणते. मीही तेच म्हणेन. आप्पांचे म्हणणे त्रिविध होते. पहिले असे की, आमच्या वाडवडिलांनी जीवनसत्त्वांची नावेही ऐकली नव्हती, भाकरी-चटणीवर त्यांनी डोंगर फोडले आणि माग चालविले. तेव्हा पोषणाचा हा बाऊ सुखवस्तू लोकांनी निर्माण केलेला आहे. दुसरे असे की, भुकेल्याला आधी पोटभर धान्य द्यावे, बाकीच्या बारकाव्यांचा विचार त्याचे पोट भरल्यावर सावकाश करता येईल. आणि तिसरे असे की, कोणाच्या अंगात काही कमी असलेच, तर इस्पितळात गोळ्या फुकट मिळतात, त्या घ्याव्यात.

आप्पांच्या या मताला मी क्षुल्लक मानीत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपात ज्यांनी घरातली भांडी एकेक करून विकली, त्यांच्या तोंडून धान्याचा आग्रह निघावा हे स्वाभाविक आहे, आणि त्या आग्रहामागची भूक खरी आहे. परंतु खऱ्या भुकेतून निघालेले अनुमानही चुकीचे असू शकते. आप्पांची तिन्ही विधाने चुकीची आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती चुकीची असल्याचा जगातला एक अत्यंत मोलाचा पुरावा लंडनला किंवा अमेरिकेला जाऊन शोधावा लागत नाही, तो घोडपदेवाहून पाऊण तासाच्या चालीवर असलेल्या परळात, आमच्याच आयाबायांच्या रक्तातून हाती आलेला आहे, हे मला आज त्यांच्यापुढे आणि त्यांच्यासारखा विचार करणाऱ्या सर्वांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम मूळ भेद स्पष्ट केला पाहिजे. अन्न दोन प्रकारची कामे करते. एक, ते जळून देहाला उष्णता व शक्ती पुरविते. दुसरे, ज्या सामग्रीतून देह घडतो आणि ज्या हत्यारांनी तो आपली अहोरात्र चाललेली डागडुजी करतो, ती सामग्री व ती हत्यारे ते आणून देते. ज्यांनी गिरणी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. बॉयलरपाशी कोळशाचा डोंगर रचला, इंजिन पूर्ण दाबाने चालू लागले, पट्टे फिरू लागले, तरी मागावर धोटा नसेल तर कापडाचा एक वारही निघत नाही. आणि धोट्याची उणीव आणखी चार टोपल्या कोळसा टाकून भरून निघत नाही. तांदूळ आणि गहू हे मुख्यत्वे आपले सरपण आहेत. लोह, आयोडीन, जस्त, चुना, निरनिराळी जीवनसत्त्वे हे या देहाच्या मागावरचे धोटे आहेत. त्यांचे वजन नगण्य असते, पण त्यांच्यावाचून विणकाम थांबते.

हा नियम केवळ मनुष्यदेहाचा नाही, तो जीवमात्राचा आहे. पिकाची वाढ त्याला मिळणाऱ्या सर्व द्रव्यांच्या बेरजेवर अवलंबून नसून, जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी पडते त्यावर अवलंबून असते, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकात श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडले, आणि आपला शेतकरी ते रोज अनुभवतो: जमिनीत जस्त नसेल तर युरियाची पोती रिकामी करूनही पान पिवळे पडावयाचे ते पडतेच. पानातील हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि आपल्या रक्तातील रक्तवर्णकाच्या मध्यभागी, जवळजवळ तशाच घडणीच्या कोंदणात, लोहाचा अणू असतो. तो अणू मिळाला नाही तर पानही फिकट होते आणि माणूसही फिकट होतो. जी गोष्ट आपण शेतातल्या रोपाच्या बाबतीत निमूटपणे मान्य करतो, ती चाळीतल्या बाईच्या बाबतीत मात्र चोचला ठरवितो, हे मला न्यायाचे वाटत नाही.

आता परळचा पुरावा. 1899 साली जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या वास्तूत प्लेगच्या लशीसाठी जी प्रयोगशाळा थाटली गेली आणि 1925 पासून जी हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते, तिच्यात 1928 साली लूसी विल्स नावाची चाळीस वर्षांची इंग्रज डॉक्टर येऊन दाखल झाली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून पुढे वैद्यकाकडे वळलेली ही विदुषी, डॉक्टर मार्गारेट बाल्फोर यांनी हाती घेतलेल्या मातामृत्यूंच्या चौकशीत सामील होण्यासाठी आली होती. मुंबईतल्या गरोदर बायका, त्यांतही गिरण्यांत राबणाऱ्या आणि दाट वस्तीत राहणाऱ्या गरीब बायका, एका विलक्षण रक्तक्षयाने मरत होत्या. त्यांच्या रक्तातील पेशी संख्येने अगदी थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. चेहरा मेणासारखा पांढरा पडे, पावले सुजत, दम लागे, आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या आगेमागे मृत्यू येई. या रोगाचे खापर हवेवर, जंतूंवर आणि बायकांच्या प्रकृतीवर फोडणे सोपे होते. विल्स यांनीही प्रथम जंतूंचा शोध घेतला, आणि तो निष्फळ झाल्यावर त्या रोगी बाईच्या ताटाकडे वळल्या.

त्यांना आढळले की, ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे आणि दूध यांचा अभाव होता त्या दरिद्री बायकांत, विशेषतः गरीब मुसलमान बायकांत, हा रोग सर्वाधिक होता. त्यांनी त्या बायकांचेच जेवण उंदरांना घातले. उंदीर रक्तक्षयाने आजारले, आणि त्याच जेवणात यीस्ट मिसळताच ते वाचले. त्या उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणारा एक जंतूही त्यांच्या रक्तक्षयाला कारण होत असल्याचे ध्यानात आले, तेव्हा उंदरांच्या साक्षीवर विसंबून न राहता पुढील प्रयोग माकडांवर झाले. आणि अखेरीस इस्पितळातील रुग्ण स्त्रियांना यीस्टचा अर्क, म्हणजे दारूच्या भट्टीतील गाळापासून तयार होणारे आणि बरण्यांतून विकले जाणारे मार्माइट, चमच्याचमच्याने देण्यात आले. मरणाच्या दारात गेलेल्या बायकांचे रक्त काही दिवसांत पालटू लागले. 1931 साली हा वृत्तांत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यीस्टमध्ये दडलेल्या त्या अनामिक द्रव्याला जगाने विल्स यांचे नाव दिले. दहा वर्षांनी, 1941 साली, तेच पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, आणि पानाला लॅटिन भाषेत असलेल्या शब्दावरून त्याचे नाव फोलिक आम्ल असे पडले. ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे प्रमुख आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते.

त्या द्रव्याचे काम काय, हेही सांगितले पाहिजे, कारण ‘आधी पोटभर धान्य’ या आप्पांच्या सूत्राचे उत्तर त्यातच आहे. देहातील प्रत्येक पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या गुणसूत्रांतील सर्व लेखाची एक नक्कल करते. त्या नकलेसाठी लागणाऱ्या एका अक्षराच्या घडणीत फोलेट कर्बाचा एकेक कण पोचवून देते. फोलेट नसेल तर नक्कल अपुरी राहते. अस्थिमज्जेतील पेशी फुगते, मोठी होते, पण दुभंगत नाही. म्हणूनच परळच्या त्या रुग्णांच्या रक्तात पेशी थोड्या आणि मोठ्या दिसत होत्या. गरोदर बाईला दिवसाला सुमारे 500 मायक्रोग्रॅम फोलेट पुरते. या हिशेबाने एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहून फारसे अधिक नाही इतके द्रव्य, साडेपाच वर्षांची बेगमी झाली. ते नसेल तर भाताची रास पुढ्यात असूनही बाई मरते. पोट भरलेले असताना माणूस उपासमारीने मरू शकतो, याहून अधिक स्पष्ट पुरावा मी आणखी कोणता देऊ?

आता वाडवडिलांच्या दाखल्याकडे येतो. 1921 ते 1931 या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान सुमारे 27 वर्षे होते. त्याला साथीचे रोग, घाण पाणी आणि बालमृत्यू ही कारणे होतीच, आणि सारा दोष मी आहारावर लादणार नाही. परंतु डोंगर फोडणाऱ्या ज्या आजोबांची आठवण आप्पा काढतात, ते वाचलेल्यांपैकी एक होते, आणि त्यांच्या पाठची जी भावंडे पाळण्यात गेली व ज्या आज्या बाळंतपणात गेल्या, त्यांची जबानी या दाव्यात नोंदलीच गेलेली नाही. शिवाय आजोबा भाकरी-चटणीवर जगत होते हेही अर्धसत्य आहे. कोकणातली ती भाकरी नाचणीची होती, आणि 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, म्हणजे तेवढ्याच दुधातल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. भात उकड्या तांदळाचा होता, ज्यात साळ उकडताना कोंड्यातील ब-जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि पुढच्या सडीत ते सर्वस्वी वाहून जात नाही. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, आळू, बारमाही शेवग्याचा पाला, डाळींना मोड, मूठभर सुका जवळा, आणि बाळंतिणीला अळीव व डिंकाचे लाडू. त्यांना जीवनसत्त्वांची नावे ठाऊक नव्हती हे खरे, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जमविलेली व्यवस्था त्यांच्या हाताशी होती. मुंबईस येऊन खोलीत बिऱ्हाड थाटले, तेव्हा त्या व्यवस्थेतील भाकरी, तीही गव्हाची, आणि भात, तोही गिरणीत पांढराशुभ्र केलेला, एवढेच मागे उरले.

आणि शौर्याचाच दाखला द्यावयाचा असेल, तर मराठा पलटणींचा देतो. पहिल्या महायुद्धात इराकातील कुत येथे 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत जे सैन्य वेढ्यात सापडले होते, त्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. एकाच वेढ्यात, एकाच नदीचे पाणी पिऊन, गोऱ्या शिपायांना बेरीबेरीने आणि हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठले. गोरे शिपाई पांढऱ्या मैद्याचा पाव खात होते, त्यात ब-जीवनसत्त्व नव्हते. हिंदी शिपाई कोंड्यासह दळलेला आटा आणि डाळ खात होते, त्यामुळे बेरीबेरी त्यांच्या वाटेस फारशी गेली नाही, परंतु भाजीपाला संपलेला आणि घोड्याचे मांस धर्मभावनेने वर्ज्य, त्यामुळे क-जीवनसत्त्व त्यांना मिळेना. मैदा संपून गोऱ्यांनाही आटा मिळू लागला, तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरली. शूर कोण आणि भित्रा कोण हा प्रश्नच तेथे नव्हता. ज्याच्या शिध्यात जे नव्हते त्याप्रमाणे रोग वाटले गेले. मराठ्यांच्या मनगटातील बळाने त्यांच्या हिरड्यांतून येणारे रक्त थांबविले नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तो करुणेच्या वेषात येतो: आधी पोट, मग बारकावे. या विधानात काळाचा जो क्रम गृहीत धरला आहे तो देहाला मान्य नाही. गर्भाच्या पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो, ती नळी गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे पुष्कळशा बायकांना दिवस गेल्याचे कळण्याआधीच, मिटते. आणि आईला फोलिक आम्ल आधीपासून मिळाले तर ही नळी उघडी राहण्याच्या व्यंगाची पुनरावृत्ती सुमारे 72 टक्क्यांनी टळते, हे 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. जो बारकावा पोट भरल्यावर सावकाश पाहावयाचा असे आप्पा म्हणतात, त्याची वेळ तोपर्यंत निघून गेलेली असते.

याहूनही जवळचा दाखला पुणे जिल्ह्यातील सहा गावांचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून तेथील शेतकरी बायकांच्या गरोदरपणाचा जो अभ्यास केला, त्यात आईने एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने खाल्ली याच्याशी बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ती किती वेळा खात होती याच्याशी. उन्हातान्हात खुरपणी करणाऱ्या या बायका होत्या, सुखवस्तू नव्हत्या. त्यांच्या पोटातील बाळाने धान्याचे माप विचारले नाही, पानांचे विचारले.

तिसरा मुद्दा गोळीचा. गोळीला माझा विरोध नाही. विल्स यांनी दिलेला अर्क हीही एक प्रकारची गोळीच होती, आणि तिने जीव वाचविले. सरकारने 1970 साली लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याला आता अर्धशतक उलटून गेले. तरीही 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा 48 टक्के होता. गोळी वाटल्याने प्रश्न निकालात निघतो हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही. रिकाम्या पोटी ती गोळी मळमळते म्हणून टाकली जाते. जेवणावर लगेच घेतलेला चहा तिच्यातील लोह अडवितो. ताटात लिंबू किंवा आवळा नसेल तर धान्यातील लोहही पुरते शोषले जात नाही. शिवाय एकच द्रव्य सुटे उचलून देण्यात एक गंभीर धोका असतो: ज्याच्या अंगात बी-12 या जीवनसत्त्वाची उणीव आहे, त्याला नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. पुण्याच्या त्याच अभ्यासात निम्म्याहून अधिक मातांत बी-12 कमी आढळले, आणि ज्यांच्यात ते कमी व फोलेट मात्र जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची, म्हणजे पुढील मधुमेहाची, लक्षणे अधिक दिसली. पोषकद्रव्ये एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. ती तशी एकत्र फक्त ताटात येतात.

हे ताट कोणाचे आणि ते कितव्या पंगतीला, हा प्रश्न मात्र मी टाळू शकत नाही. आमच्या खोलीत माझी आई भात वेळून पेज आम्हा भावंडांना मीठ घालून देई; बोंबलाचे तुकडे तिसऱ्या पाळीवरून येणाऱ्या वडिलांसाठी झाकून ठेवी; पालेभाजी आणलीच तर ती दिवस मावळता भायखळ्याच्या मंडईत स्वस्त झालेली, उन्हाने मलूल पडलेली जुडी असे. सगळ्यांचे झाल्यावर ती पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या कालवणाच्या पाण्यात भात कालवून जेवत असे, आणि भरपूर जेवत असे. तिचे पोट भरत होते. तरी चाळीचा जिना चढताना ती दर मजल्यावर थांबे, आणि आम्हांला वाटे की, आई म्हटली म्हणजे थकतेच. तिला पोषण कळत नव्हते असे कोणी म्हणाले तर ते मी सहन करणार नाही. मटकीला मोड आणताना फडके किती घट्ट बांधावे हे तिला जेवढे कळत होते तेवढे आज मला कळत नाही. तिच्यापाशी ज्ञान होते. पैसा नव्हता, पहाटे चारच्या पाण्याच्या रांगेपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत जुडी निवडण्याइतका वेळ नव्हता, आणि स्वतःच्या घरातील पंगतीत जागा नव्हती.

म्हणून आप्पांना माझी विनंती आहे की, त्यांनी त्या मुलीची सूचना पुन्हा विचारात घ्यावी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने दरमाणशी दरमहा 5 किलो धान्य दिले आहे. ते दिवसाला 165 ग्रॅमच्या आसपास पडते. ते वाढवून मागण्यात काहीच गैर नाही, मीही त्या मागणीच्या अर्जावर सही करीन. पण त्या अर्जात डाळ, तेल, आणि पालेभाजी, अंडे, दूध यांसाठी रोख रक्कम, ही कलमे त्याच शाईने लिहिली गेली पाहिजेत. शिधावाटपाच्या तांदळात लोह, फोलिक आम्ल आणि बी-12 मिसळण्याचे खुद्द सरकारने 2021 साली जाहीर केले, त्याअर्थी नुसते धान्य पुरत नाही ही गोष्ट सरकारदप्तरी मान्य झालेली आहे. मग ती अमान्य करण्याचे काम आपण गिरणगावातल्या माणसांनी का अंगावर घ्यावे? आणि ही तजवीज दिवस गेलेल्या बाईपासून सुरू होऊन भागणार नाही, शाळकरी मुलीपासून सुरू व्हावयास हवी. मुंबईच्याच झोपडवस्त्यांत साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत पालेभाजी, फळे व दूध यांपासून केलेला रोजचा खाऊ दिला गेला, तेव्हा सरसकट पाहता बाळांच्या वजनात फरक पडला नाही. ज्या स्त्रियांना तो गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून मिळाला, त्यांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी 48 ग्रॅमने वाढले. उशिरा दिलेले अन्न पोट भरते, पण जे घडून गेले ते पुन्हा घडवीत नाही.

न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी जे उंच मनोरे उभे राहिले, त्यांत आज त्या कामगारांच्या नातीपणती राहतात. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी परळच्या खाटांवर पडलेल्या ज्या बायकांच्या बोटातून थेंब थेंब रक्त काढून जगाने फोलिक आम्ल शोधले, आणि ज्याच्या बळावर अनेक देशांत पिठात ते मिसळून असंख्य बालके व्यंगापासून वाचविली गेली, त्या बायकांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. त्या आमच्या होत्या. त्यांच्या रक्तातून निघालेल्या ज्ञानात त्यांच्या पणतींचा हिस्सा आहे, आणि तो हिस्सा चोचला म्हणून नाकारण्याचा अधिकार सरकारला नाही, शेजाऱ्यालाही नाही, आणि आप्पा, तुम्हांलाही नाही. पुढच्या सभेत तो अर्ज नव्याने लिहू या; आणि सूचना त्या मुलीची होती, तेव्हा लेखणीही तिच्याच हाती असू द्या.